जो ओ देईल तो

फाटकाची कडी वाजली तसे शैलेश कोरगावकर व्हरांड्यात आले. समोर खांद्याला बॅग अडकवलेली एक बाई उभी होती. त्यांनी शर्टाचे वरचे बटण लावले आणि सभ्यपणे विचारले, "कोण पाहिजे आपल्याला?"

"पप्पा," ती बाई म्हणाली आणि दोन पावले पुढे आली.

अनोळखी माणूस अंगावर आले की आपण जेवढे मागे सरतो तेवढेच ते मागे सरले. मग आत तोंड करून त्यांनी हाक मारली, "शर्वरी! अगं, बघ कोण आलंय. तुझ्याकडंच आल्या असतील."

"ओ, आले पप्पा," आतून उत्तर आले. ओढणीला हात पुसत, शैलेशरावांना सांभाळायला ठेवलेली सायमा मुजावर बाहेर आली, आणि दारातच थबकली.

फाटकापाशी उभी असलेली बाई म्हणजेच शर्वरी कोरगावकर, शैलेशरावांची एकुलती एक मुलगी. दक्षिण समुद्रात तरंगणाऱ्या पवनचक्क्यांच्या तळावर ती देखभाल विभागाची प्रमुख होती. तिथून वर्षाकाठी एकदाच मोठी रजा मिळे. ती रजा घेऊन ती सांगलीला आली होती, आणि बापाने तिला तिच्याच नावाला ओ देणाऱ्या बाईच्या हवाली केले होते.

पाहुणीला खुर्ची मिळाली, पाणी मिळाले. शैलेशरावांनी तिला प्रवास कसा झाला ते विचारले, यंदा नदीला पाणी कमी आहे हे सांगितले आणि मग बोलण्यासारखे काही उरले नाही तेव्हा ते पेपर वाचायला आत गेले. शर्वरी स्वयंपाकघरात आली. सायमाने चहाचे आधण ठेवले होते आणि तिची पाठ शर्वरीकडे होती.

"ताई, मी नाही हां शिकवलं त्यांना," ती खालच्या आवाजात म्हणाली. "अल्लाकसम. एक दिवस उठले आणि मला म्हणाले, शर्वरी, चष्मा दे. मी म्हटलं, अहो मी सायमा. तर हसले. म्हणाले, बापाची थट्टा करतेस होय?"

"मग तू ओ द्यायला लागलीस."

"नाही दिली तर हाका मारत बसतात. घसा बसेपर्यंत." सायमा वळली. "मला काय हौस आहे दुसऱ्याच्या बापाची? माझा आहे की मालगावात, ठणठणीत. रोज फोनवर भांडतो."

"पण मी रोज संध्याकाळी बोलते त्यांच्याशी. माझ्याशी हसतात, विचारपूस करतात."

"करतात की." सायमाने साखरेचा डबा उघडला आणि तसाच धरून ठेवला. "फोन ठेवला की मला विचारतात, पोरगी गोड आहे गं, कोण ती?"

शैलेशरावांच्या उजव्या कानामागे, हाडाखाली, नखाएवढी एक चकती बसवलेली होती. तिला 'सांधा' म्हणत. त्या काळात स्मृतिभ्रंशाच्या रोग्यांना सांधा बसवणे मोतीबिंदू काढण्याइतके सरावाचे झाले होते. सांधा असलेला माणूस कालचे जेवण विसरे, वार विसरे, घराचा रस्ता विसरे, पण आपली माणसे विसरत नसे. निदान माहितीपत्रकात तसे छापलेले होते.

दुसऱ्या दिवशी शर्वरी मिरजेला गेली. शैलेशरावांना ज्या केंद्रात सांधा बसवला होता ते स्टेशनच्या पलीकडे एका जुन्या दवाखान्याच्या इमारतीत होते. डॉ. ऋचा तगारे यांनी तिचे ऐकून घेतले. मधे एकदाही त्या 'समजू शकते' असे म्हणाल्या नाहीत, त्यामुळे शर्वरीला त्या बऱ्या वाटल्या.

"या आजारात मुलगी पुसली जाते असं लोकांना वाटतं," डॉ. तगारे म्हणाल्या. "तसं होत नाही. मेंदूत एके ठिकाणी 'माझी मुलगी' अशी एक जागा असते. तिच्याबद्दलची माया, काळजी, रुसवे, सगळं तिथं. दुसऱ्या ठिकाणी समोरच्या माणसाचा चेहरा, आवाज, चालायची ढब. आपल्याला मुलगी दिसते तेव्हा या दोन जागांमधली वाट उघडते. रोग्याच्या डोक्यात दोन्ही टोकं बरीच वर्षं शाबूत राहतात. मधली वाट बुजते. सांधा तेवढी वाट घालून देतो."

"कशी?"

"तुमच्या वडिलांचा धंदा काय होता, आठवतंय?"

"पुण्यात नोकरी होती. डेटा सेंटरमध्ये. केबली आणि दिवे लागलेली कपाटं. लहानपणी एकदा दाखवायला नेलं होतं. खूप गार होतं तिथं."

"त्या कपाटांतल्या पेट्यांना नेटवर्क स्विच म्हणायचे. शेकडो यंत्रं एकमेकांशी बोलायची ती त्या पेट्यांमधून. आता प्रत्येक यंत्राला दोन पत्ते. एक आपण दिलेला, कामापुरता, आज या यंत्राला तर उद्या त्या. दुसरा कारखान्यातच उमटवलेला, न बदलणारा. निरोप जायचा पहिल्या पत्त्यावर, पण पोचवायचा असायचा दुसऱ्यावर. मग पेटी काय करायची? सगळ्यांना विचारायची, अमुक पत्ता कोणाकडे आहे? ज्याच्याकडे असेल ते यंत्र म्हणायचं, माझ्याकडे. पेटी ते एका कोष्टकात टिपून ठेवायची. डाव्या बाजूला दिलेला पत्ता, उजव्या बाजूला यंत्राची खूण. आम्ही तीच जुनी कल्पना उचलली. डाव्या बाजूला नातं. उजव्या बाजूला अंगखूण."

अंगखूण म्हणजे चेहऱ्याची हाडे, आवाज, चाल आणि अंगाची ऊब यांचा मिळून बनलेला ठसा. सांधा असलेल्या माणसाला मुलीची आठवण झाली की आधी चकतीला ते कळे. याला डॉक्टर 'साद' म्हणत. साद उठली की चकती आजूबाजूला कोण प्रतिसाद देते ते पाही. जे माणूस जवळ येई, बोले, हात धरी, त्याने 'ओ' दिली असे धरले जाई. त्याची अंगखूण त्या नात्यासमोर लिहिली जाई, आणि रोग्याला आतून पटे, ही माझी मुलगी.

"पण ओ देणारा खरा की खोटा, हे कोण बघतं?" शर्वरीने विचारले.

"कोणी नाही."

"असं कसं?"

"तुमच्या वडिलांनीही हेच विचारलं होतं. आजार नुकता सुरू झाला होता तेव्हा. म्हणाले, डॉक्टर, आमच्या त्या पद्धतीला ही एक खोड होती बघा. जो 'मी' म्हणेल त्याच्यावर विश्वास. आणि शेवटी ज्यानं म्हटलं तो खरा. मी त्यांना सांगितलं, घरात खोटं कोण बोलणार?" डॉ. तगारे भिंतीकडे वळल्या. "खोटं कोणी बोललंही नाही."

त्यांनी भिंतीवरच्या पडद्यावर शैलेशरावांचे कोष्टक उघडले. ते फार लहान होते. शेजारी, दूधवाला, मित्र अशा थोड्या ओळी. 'पत्नी' या शब्दासमोर काही नव्हते.

"तुमच्या आई गेल्यावर ती ओळ ओसरली," डॉ. तगारे म्हणाल्या. "बरेच दिवस ओ आली नाही की नोंद आपोआप फिकी होते आणि जाते. मुद्दाम तशी रचना आहे. नाहीतर माणूस मेलेल्याला शोधत बसेल."

'मुलगी' या शब्दासमोर सायमाची अंगखूण होती. तिच्याआधी एका परिचारिकेची. त्याआधी, पंधरवडाभर, व्यायाम करून घ्यायला येणाऱ्या एका माणसाची.

"त्या सर्जेरावची?" शर्वरी म्हणाली. "त्याला मिशा होत्या हो!"

"सांध्याला मिशांशी कर्तव्य नाही. त्यानं हाकेला ओ दिली."

शर्वरीला हसू आले आणि लगेच त्याची लाज वाटली. "पण मीही ओ देत होते ना. रोज. ठरल्या वेळेला. एक दिवस चुकवला नाही."

"पडद्यावरून."

"हो, पडद्यावरून. समुद्रातून दुसरं कसं देणार?"

"पडद्याला अंगखूण नसते. चाल नाही, ऊब नाही. फोन कोण धरायचं?"

फोन आधी स्टँडवर ठेवलेला असे. पप्पांची नजर तिकडे ठरत नसे, ते उठून जात. म्हणून तिनेच सायमाला बजावले होते की फोन हातात धर, त्यांच्या अगदी जवळ बस, हात धरून बस म्हणजे ते उठणार नाहीत. त्याआधी परिचारिकेलाही तेच सांगितले होते, आणि सर्जेरावलाही.

"साद उठायची," डॉ. तगारे म्हणाल्या, "ओ तुमच्या आवाजात यायची आणि जवळ अंग असायचं दुसऱ्याचं. यंत्रानं ज्याचं अंग त्याची नोंद केली. स्विचच्या जगातही हेच चालायचं. बाहेरून येणारा निरोप ज्या दारातून येई त्या दाराचीच खूण कोष्टकात पडायची. बाहेरचं यंत्र पेटीला कधी दिसायचंच नाही."

"म्हणजे सायमाचं नाव मीच लिहिलं."

"रोज थोडं थोडं."

यावर दोन उपाय होते. सायमाला काही दिवस सुट्टी द्यायची. तिची नोंद ओसरेल, आणि त्या दिवसांत शर्वरीने प्रत्येक हाकेला स्वतः ओ द्यायची. त्यातून नवी नोंद होईल. दुसरा उपाय 'खिळवण्या'चा. खिळवलेली नोंद ओसरत नसे आणि दुसऱ्या कोणाच्या ओने बदलत नसे. कायद्याने एका रोग्याच्या कोष्टकात एकच नोंद खिळवता येई, तीही पालकाच्या संमतीने.

"मग खिळवा ना," शर्वरी म्हणाली. "पालक मीच आहे."

"तुमच्या वडिलांनी नको म्हणून सांगितलं होतं. तोंडी, पण माझ्यासमोर. पुण्यात त्यांच्या हाताखालच्या कोणीतरी एका यंत्राची नोंद खिळवून ठेवली होती. ते यंत्र पुढं काढून टाकलं, नोंद राहिली. पेटी त्या खुणेकडे निरोप पाठवत राहिली. कुठं तक्रार नाही, लाल दिवा नाही. सगळे दिवे हिरवे आणि एकही निरोप पोचत नाही. ते म्हणाले, डॉक्टर, माणसं हलतात. माझ्यात कोणाला खिळवू नका."

शर्वरीने पहिला उपाय निवडला. सायमा मालगावला गेली, आणि जाताना शैलेशरावांना काही न सांगता मागच्या दाराने गेली, कारण शर्वरीने तसे सांगितले होते.

सुरुवातीचे दिवस वाईट गेले. शैलेशराव हाक मारत, शर्वरी धावत जाई, आणि ते तिच्याकडे बघून नम्रपणे म्हणत, "तुम्ही नाही, माझ्या मुलीला बोलवा." साद उठली की ते उजव्या हाताचा अंगठा तर्जनीवर घासत, एखादी पूड चिमटीत धरल्यासारखा. ते दिसले की शर्वरी हातातले काम टाकी. ओ म्हणायची, हात धरायचा, जवळ बसायचे. ते हात सोडवून घेत, आणि थोड्या वेळाने पुन्हा तेच. एकदा ते तिला म्हणाले, "बाई, तुम्ही फार करता माझं. पण आमची पोरगी आली की तिला आवडायचं नाही."

मग एका दुपारी दोघे भडंग खात बसले होते. शैलेशराव त्यातले शेंगदाणे वेचून बाजूला काढत होते. ते काढता काढता त्यांनी वर पाहिले आणि म्हणाले, "केस कुणी कापले तुझे? न्हाव्याला सूड घ्यायचा होता का?"

शर्वरीचा हात वाटीतच राहिला. तिला वाटले, हलले तर मोडेल.

"आणि वाळलीस किती! समुद्रात मासे मिळत नाहीत होय गं?" त्यांनी वेचलेले शेंगदाणे तिच्या वाटीत टाकले. तिला शेंगदाणे आवडत, त्यांना आवडत नसत. ती शाळेत असल्यापासून हा व्यवहार चालत आला होता.

त्यानंतरचे दिवस चांगले गेले. त्यांनी तिला पवनचक्कीबद्दल विचारले आणि उत्तर विसरून पुन्हा विचारले. ती आळशी आहे, दिवे चालू ठेवते, आईसारखी हट्टी आहे, हे सगळे त्यांनी ऐकवले. ती घरभर त्यांच्या नजरेसमोर राहिली. आंघोळीलाही दार लोटून घेई, कडी लावत नसे, मधेच हाक आली तर ऐकू यावी म्हणून.

सायमा कामावर परत आली. शर्वरी भाजी आणायला बाहेर गेली होती, अगदी कोपऱ्यावर. परतली तेव्हा व्हरांड्यात सायमा शैलेशरावांच्या पायाला तेल चोळत होती.

"शर्वरी, त्या बाई आल्या बघ परत," शैलेशराव सायमाला म्हणाले. "त्यांना चहा दे."

सायमाचे हात थांबले. "ताई, त्यांनी हाक मारली. तुम्ही नव्हता. कुणीतरी ओ द्यायलाच पाहिजे की नाही?"

सायमाची मुरलेली नोंद पुरती ओसरलेली नव्हती, आणि तिच्या एका ओने शर्वरीचे सगळे कच्चे दिवस पुसले होते. शेवटी ज्याने म्हटले तो खरा.

ती त्याच संध्याकाळी मिरजेला गेली. केंद्र बंद होत आले होते, डॉ. तगारे चपला घालत होत्या.

"खिळवा," शर्वरी म्हणाली.

"तुमची रजा संपत आली ना?"

"संपू दे. पुढच्या वर्षी येईन तेव्हा मला ओळखायला तरी पाहिजेत ते."

"आणि मधलं वर्ष?"

"मधलं वर्ष त्यांना कळत तरी कुठं? डॉक्टर, त्यांच्या डोक्यात माझ्यासाठी एक जागा आहे असं तुम्हीच सांगितलंत. तिथं दुसरंच कोणी राहतंय. मी जिवंत असून!"

"जागा त्यांची आहे," डॉ. तगारे म्हणाल्या. "त्यांनी नको म्हटलं होतं."

"तेव्हा त्यांना वाटत होतं की मी इथंच असेन."

हे खरे होते की नाही ते डॉ. तगारेंना माहीत नव्हते. कायदा मात्र शर्वरीच्या बाजूने होता. दुसऱ्या दिवशी केंद्रातला माणूस घरी येऊन गेला. काम कानामागे एक उपकरण टेकवण्यापुरतेच होते. शैलेशरावांनी त्याला चहा विचारला.

रजेचे उरलेले दिवस शर्वरीला हवे तसे गेले. आता तिला आंघोळीच्या दाराची कडी लावता येत होती. बाजारात जाऊन आली तरी तिचे वडील तिला ओळखत होते. सायमाला मात्र ते ओळखत नव्हते. तिने ताट वाढले की ते चमचा हातात घेण्याआधी शर्वरीकडे बघत. तिने औषध पुढे केले की हात मागे घेत. एकदा त्यांनी शर्वरीला बाजूला बोलावून सांगितले, "ही बाई घरात मोकळी फिरते. कपाटाला कुलूप लाव."

सायमाने ते ऐकले. "दहा महिने यांचं हगणंमुतणं काढलं मी," ती शर्वरीला म्हणाली. आवाज चढवला नाही. "पगार घेतला, मान्य आहे. पण मागच्या ईदला यांनी मला खिशातून काढून ईदी दिली होती. शर्वरी म्हणून दिली, पण दिली मला."

"तू समजून घे, सायमा."

"मी घेईन की. त्यांना कोण समजावणार?"

निघायच्या दिवशी शैलेशराव मुलीला सोडायला फाटकापर्यंत आले. पोचल्यावर फोन कर म्हणाले. गाडी वळेपर्यंत ते हात हलवत होते. शर्वरीला वाटले, आपण केले ते योग्यच केले.

समुद्रातल्या तळावर कामाची पाळी संपली की ती फोन लावी. फोन आता स्टँडवर असे. पडद्यावरच्या चेहऱ्याकडे शैलेशराव जरा वेळ बघत. "माझी मुलगी अशीच दिसते," ते कौतुकाने म्हणत. "तुम्ही तिच्या ओळखीच्या का? कुठं आहे ती? सकाळपासून हाका मारतोय." आणि उठून जात. पडद्यात रिकामी खुर्ची, तिच्या मागे व्हरांडा आणि त्याच्या पलीकडे फाटक दिसे. शैलेशराव फाटकाशी उभे असत. अंगठा तर्जनीवर घासला जात असे.

साद उठे. चकती कोष्टकात पाही. मुलगी या शब्दासमोर अंगखूण लिहिलेली होती, स्पष्ट, न ओसरणारी. मग चकती ती खूण शोधू लागे. घरात, अंगणात, रस्त्यावर. खूण कुठेच सापडत नसे, आणि नोंद खरी असल्यामुळे शोध थांबवायचे कारणही तिला सापडत नसे. सायमा जवळ येऊन ओ देई ती नाकारली जाई. केंद्रातल्या यंत्रावर शैलेशरावांचा सांधा उत्तम चालत असल्याचे दिसत होते.

"ताई, माणूस वाळतोय," सायमाने एकदा सांगितले. ती स्टँडपाशी वाकून, शैलेशरावांना दिसणार नाही अशी, बोलत होती. "जेवायला बसवलं की म्हणतात शर्वरी आली की जेवू. झोपायला म्हटलं तरी तेच. उन्हात उभे राहतात. मला हात लावू देत नाहीत. काल म्हणाले, माझ्या पोरीला तू कुठं लपवलंस?"

"थोडे दिवस जाऊ देत. सवय होईल."

"तुम्हीच या ना मग."

येणे अशक्य नव्हते. नोकरी सोडता आली असती. सांगलीत दुसरी मिळाली नसती असेही नाही. शर्वरीने तो विचार केला, नीट, सगळ्या बाजूंनी केला, आणि बाजूला ठेवला. "मधे रजा मिळते का बघते," ती म्हणाली. सायमाने मान डोलावली. ती मान कशासाठी डोलावली आहे हे दोघींनाही कळले.

त्या दिवसांतली आणखी एक गोष्ट शर्वरीने कोणाला सांगितली नाही. पाळी चालू असतानाही ती मधूनच फोन लावी आणि आवाज बंद ठेवून नुसते बघत राही. वडील फाटकाशी उभे असत, आणि त्यांच्या ओठांवर तिचे नाव असे. लहानपणापासून कोणी तिची इतकी वाट पाहिली नव्हती. ती बघे, मग पडदा बंद करून कामाला लागे, आणि काम चांगले होई.

शेवटी डॉ. तगारेंचा फोन आला.

"काल ते रस्त्यात पडले," त्या म्हणाल्या. "हाड मोडलेलं नाही. पण वजन खूप उतरलंय, आणि चकतीभोवतीचा मेंदू थकत चाललाय. साद थांबतच नाही. असंच राहिलं तर 'मुलगी' ही जागाच जळून जाईल. मग तुम्हीही नाही, सायमाही नाही, कोणीच नाही."

"नोंद काढली तर?"

"कोष्टक मोकळं होईल. पुढची साद उठेल तेव्हा जो ओ देईल तो."

"मी पुढच्या वर्षी येईन तेव्हा पुन्हा जमेल? मागच्यासारखं?"

"आजार पुढं सरकलाय. एकदा बसलेली नोंद बदलायला फार दिवस लागतील. आता नातं ज्याच्या खुणेला चिकटेल त्याच्याशीच बहुधा राहील. जमेल असं मी सांगू शकत नाही."

"आत्ता काय करतायत ते?"

"बघा ना. फोन लावलेलाच असतो घरी."

शर्वरीने दुसऱ्या पडद्यावर घर उघडले. सकाळचे ऊन व्हरांड्यात आले होते. शैलेशराव फाटकाच्या गजांना दोन्ही हातांनी धरून उभे होते. गुडघ्याला पट्टी होती. मागे काही अंतरावर सायमा पाण्याचा पेला घेऊन उभी होती. जवळ गेले की ते ओरडत, म्हणून लांबच.

"संमती तोंडी चालेल," डॉ. तगारे म्हणाल्या. "नाव, रोग्याशी नातं आणि काय करायचं ते. स्पष्ट बोला, नोंदवलं जाईल."

"मी शर्वरी शैलेश कोरगावकर," ती म्हणाली. तिने पडद्यावरच्या फाटकाकडे पाहिले. "रोग्याची मुलगी. माझी नोंद काढून टाका."

पडद्यावर काही क्षण काहीच बदलले नाही. मग शैलेशरावांचे हात गजांवरून सैल झाले. त्यांचा अंगठा तर्जनीवर फिरू लागला.

"शर्वरी!" त्यांनी हाक मारली. आवाज घोगरा झाला होता.

सायमाने मान वळवून आत, फोनच्या दिशेने पाहिले. तिला पडद्यावरचा चेहरा तिथून दिसत नसावा. शर्वरीने तोंड उघडले होते. आवाज तिने काढला नाही.

"ओ, पप्पा," सायमा म्हणाली आणि जवळ जाऊन तिने त्यांचा हात धरला.

ते वळले. तिला वरपासून खालपर्यंत बघत राहिले. "कुठं होतीस गं?" ते म्हणाले. "किती हाका मारल्या तुला! सांगून जायला काय होतं? आईसारखीच आहेस. माणूस इथं मरून पडलं तरी तुला पत्ता नाही."

"चुकलं माझं, पप्पा."

"नुसतं चुकलं म्हणून होतं का? परत अशी गेलीस तर दार उघडणार नाही, सांगून ठेवतो." त्यांनी तिच्या हातातला पेला घेतला आणि ते घटाघटा पाणी प्याले. मग बाहीने तोंड पुसले आणि तिच्या खांद्यावर हात ठेवला. "चल, जेवायला वाढ. भूक लागलीय."

दोघे हळूहळू व्हरांड्याच्या पायऱ्या चढले, पडद्याच्या अगदी जवळून गेले आणि आत दिसेनासे झाले. शर्वरी त्यांचे बोलणे ऐकत राहिली. तिचे वडील तिला अजून रागावत होते. आतून ताटाचा आवाज आला, आणि सायमाने आणखी एकदा चुकले म्हटले.